रयतेचा पैसा, रयतेची शाळा : कर्मवीर भाऊराव पाटील

दक्षिण महाराष्ट्रातील जैन समाजाने या भूमीला जी नररत्ने दिली, त्यांत कर्मवीर भाऊराव पाटील यांचे स्थान अग्रभागी आहे. बाहुबलीच्या डोंगराच्या सान्निध्यातील कुंभोज या गावी दि. २२ सप्टेंबर १८८७ रोजी त्यांचा जन्म झाला. मूळ गाव वाळवे तालुक्यातील ऐतवडे बुद्रुक. वडील पायगोंडा हे सरकारच्या मुलकी खात्यात कारकून होते, मातोश्रींचे नाव गंगाबाई. भाऊरावांनी वसतिगृहे काढली, जातिभेद मोडला, हजारो गरीब मुलांच्या मुखी अन्न आणि अक्षर घातले, हे सर्वांस ठाऊक आहे. प्रत्येक जयंतीस ते सांगितलेही जाते. परंतु शाळा चालविण्यासाठी पैसा लागतो, तो कोठून येतो, आणि देणाऱ्याचा शब्द त्यासाठी किती ऐकावा लागतो, या अंगाने त्यांच्या चरित्राकडे फारसे कोणी पाहत नाही. खाजगी संस्थेने सरकारी अनुदान घ्यावे की न घ्यावे, हा प्रश्न आज अनेक विश्वस्त मंडळांच्या बैठकांत निघतो. भाऊरावांपुढे तो आयुष्यभर उभा होता, आणि एकदा तर संस्थेच्या जिवावर बेतला होता.

या प्रश्नाची पूर्वपीठिका थोडी जुनी आहे. १८५४ साली सर चार्ल्स वूड यांच्या खलित्याने हिंदुस्थानात खाजगी शाळांना सरकारी मदत देण्याची पद्धत रूढ झाली. शाळेचे स्थानिक व्यवस्थापन चांगले असावे, लौकिक शिक्षण नीट दिले जावे, सरकारी तपासणीस मान्यता असावी, आणि विद्यार्थ्यांकडून थोडी का होईना फी घेतली जावी, अशा अटी त्यात होत्या. शेवटची अट गरिबाला जाचक होती. ज्याच्या घरी मिठाला पैसा नाही, त्याने शाळेला फी कोठून द्यावी? अटी पाळू शकणाऱ्या संस्था बहुधा शहरांतल्या आणि मिशनऱ्यांच्या होत्या, त्यामुळे मदतही तिकडेच वाहिली. १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन देताना महात्मा जोतीराव फुले यांनी नेमके यावरच बोट ठेवले होते. शेतकऱ्याच्या साऱ्यातून सरकारची तिजोरी भरते आणि त्या पैशावर वरच्या वर्गांची मुले शिकतात, ही विसंगती त्यांनी आयोगाच्या नजरेस आणून दिली. भाऊराव पुढे सत्यशोधक विचारांचे झाले, त्याचे एक मर्म येथे आहे. ज्या मुलकी खात्याकडे गावोगावचा सारा जमा होई, त्याच खात्यातील एका कारकुनाच्या मुलाने तो पैसा त्याच गावांच्या मुलांसाठी परत मागावा, यात एक प्रकारचा न्याय होता.

विट्यास प्राथमिक शिक्षण झाल्यावर भाऊराव कोल्हापुरास राजाराम हायस्कूलमध्ये दाखल झाले आणि दिगंबर जैन बोर्डिंगमध्ये राहू लागले. त्या काळचे कोल्हापूर म्हणजे वसतिगृहांचे माहेरघर. राजर्षी शाहू छत्रपतींनी मराठा, जैन, लिंगायत, मुस्लिम अशा निरनिराळ्या समाजांना वसतिगृहे काढण्यास उत्तेजन दिले. जागा दिल्या, इमारतींस साहाय्य केले आणि चालू खर्चासाठी दरबारातून मदत बांधून दिली. वसतिगृह समाजाने चालवायचे आणि राज्याने हात द्यायचा, ही पद्धत भाऊरावांनी कोवळ्या वयात जवळून पाहिली. राज्यकर्ता मनाने मोठा असेल तर सरकारी मदत किती फलदायी होते, याचा तो वस्तुपाठ होता. राज्यकर्ता तसा नसेल तर काय होते, हे कळण्यास अजून अवकाश होता.

बोर्डिंगमधील त्यांचे वास्तव्य मात्र सुखाने संपले नाही. १९०८ साली अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह सुरू झाले, त्या समारंभास भाऊराव उपस्थित राहिले. परत आल्यावर स्नान करून मगच आत यावे असे त्यांना सांगण्यात आले. त्यांनी नकार दिला आणि बोर्डिंग सोडण्याची वेळ त्यांच्यावर आली. आपल्याच समाजाच्या संस्थेने आपल्या एका थोर पुत्राला दाराबाहेर केले, ही गोष्ट झाकून ठेवण्याचे कारण नाही. त्या काळी प्रत्येक समाजाच्या वसतिगृहात थोड्याफार फरकाने हाच आचार होता. शाहू महाराजांनी या मुलाला आश्रय दिला. अण्णासाहेब लठ्ठे हे तेव्हा बोर्डिंगचे अधीक्षक होते, हे नाव वाचकांनी स्मरणात ठेवावे.

शाळेच्या परीक्षांत भाऊराव चमकले नाहीत. ते मॅट्रिकपर्यंतही पोहोचले नाहीत. साताऱ्यास शिकवण्या करून ते पोट भरू लागले आणि पाटील मास्तर म्हणून ओळखले जाऊ लागले. १९१४ साली कोल्हापुरात बादशहाच्या पुतळ्यास कोणी तरी डांबर फासले. दरबारातील काहींचा संशय लठ्ठे यांच्यावर होता. त्यांच्याविरुद्ध साक्ष देण्यासाठी भाऊरावांवर दडपण आणले गेले. ज्यांच्या कारकिर्दीत बोर्डिंगबाहेर पडावे लागले, त्यांचा सूड घेण्याची ही आयती संधी होती. भाऊरावांनी खोटी साक्ष देण्याचे साफ नाकारले. त्यापायी तुरुंगवास पत्करला, हालअपेष्टा सोसल्या, जिवाचे बरेवाईट करून घेण्यापर्यंत पाळी आली, पण शब्द फिरवला नाही. सत्य हे अणुव्रत आहे, असे आपण प्रवचनांतून ऐकतो. ते पाळण्याची किंमत काय असते, ते या तरुणाने कोठडीत मोजली. लठ्ठे पुढे बेळगावास गेले, १९२६ मध्ये कोल्हापूरचे दिवाण झाले, आणि त्यानंतर त्यांचा व भाऊरावांच्या कार्याचा अप्रत्यक्ष संबंध पुन्हा एकदा आला. तो पुढे येईलच.

यानंतरची काही वर्षे भाऊरावांनी व्यापाराच्या वाटेवर काढली. किर्लोस्करांच्या लोखंडी नांगरांचे विक्रेते म्हणून त्यांनी सातारा जिल्हा पायाखाली घातला. लाकडी नांगर सोडून लोखंडी घ्या, हे शेतकऱ्याला पटवून देणे सोपे नव्हते. पुढे साताऱ्याचे धनजीशा कूपर यांच्या कारखान्याच्या उभारणीत त्यांचा मोठा वाटा होता. नफ्यातील काही अंश शिक्षणकार्यास मिळावा, या अपेक्षेने त्यांनी तेथे घाम गाळला. त्या बाबतीत मतभेद झाले आणि ते बाहेर पडले. या वर्षांकडे चरित्रकार घाईने पाहतात, परंतु पुढील कार्याचे भांडवल येथेच जमा झाले, असे म्हणावे लागेल. कोणत्या गावात कोण देणारा आहे, कोणता पाटील शब्दाचा पक्का आहे, सुगी केव्हा येते आणि शेतकऱ्याच्या हाती पैसा किती दिवस टिकतो, हे फिरत्या विक्रेत्याइतके कोणाला कळणार? वसुली कशी करावी आणि उधारी कोठवर सोसावी, हेही त्यांना येथेच उमगले.

शिक्षणकार्यास आरंभ त्याआधीच झाला होता. १९१० च्या सुमारास मिरज तालुक्यातील दुधगाव येथे सहकाऱ्यांसमवेत त्यांनी विद्यार्थ्यांसाठी आश्रम काढला, तो मुष्टिफंडावर चालविला. घरातील गृहिणीने दळणकांडणाच्या वेळी मूठभर धान्य वेगळे काढावयाचे आणि ते गोळा करून मुलांचे जेवण करावयाचे, अशी ही योजना होती. या मुठीत जैन घरची मूठ होती, मराठ्याची होती, इतरांचीही होती. हिशेबाच्या भाषेत सांगावयाचे तर भाऊरावांच्या कार्याची पहिली जमा रोख रकमेची नसून धान्याची आहे. पुढे कराड तालुक्यातील काले या गावी दि. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी, विजयादशमीच्या मुहूर्तावर, रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. संस्थेच्या नावात ना संस्थापकाचे नाव आहे, ना त्याच्या जातीचे, ना धर्माचे. नाव रयतेचे आहे.

१९२४ साली संस्थेचे ठाणे साताऱ्यास हलले आणि तेथे वसतिगृह सुरू झाले. सर्व जातींची मुले एका पंक्तीत जेवू लागली, एकमेकांची भांडी घासू लागली, स्वतः दळू लागली. या वसतिगृहाची खरी आधारशिला म्हणजे लक्ष्मीबाई. त्या कुंभोजच्याच पाटील घराण्यातील, सोवळ्याओवळ्याच्या कडक संस्कारांत वाढलेल्या. आरंभी त्यांना हे सारे जड गेले असणार. परंतु एकदा मुलांना आपले म्हटल्यावर त्यांनी मागे पाहिले नाही. घरातील सोने एकेक करून मोडीत गेले. एका प्रसंगी वसतिगृहात धान्याचा कण उरला नाही, तेव्हा त्यांनी गळ्यातील मंगळसूत्रही देऊन टाकले. १९३० साली त्या निवर्तल्या. त्यांच्या नावाने पुढे संस्थेच्या सेवकांची पतपेढी निघाली आणि कालांतराने तिचीच रयत सेवक सहकारी बँक झाली. जैन शास्त्रात आहार, औषध, शास्त्र आणि अभय अशी चार दाने सांगितली आहेत. या माउलीने त्यांतील किती दाने एकाच स्वयंपाकघरात दिली, याचा विचार वाचकांनीच करावा.

फेब्रुवारी १९२७ मध्ये महात्मा गांधी साताऱ्यास आले आणि त्यांच्या हस्ते या वसतिगृहाचे श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असे नामकरण झाले. भाऊरावांच्या अंगावर तोवर खादी आलीच होती. जाडाभरडा सदरा, धोतर, हाती काठी, पायांत वहाण नाही, अशी त्यांची मूर्ती साताऱ्याच्या रस्त्यांवर नित्याची झाली. एका बाजूला खादी आणि दुसऱ्या बाजूला ब्रिटिश सरकारकडे मदतीचा अर्ज, हे अनेकांना विसंगत वाटे. त्या काळी राष्ट्रीय शिक्षणाचा पुरस्कार करणारी मंडळी सरकारी मान्यता आणि पैसा दोन्ही नाकारीत. त्यांचा त्याग मोठा होता. पण सरकारशी वैर पत्करलेल्या अशा शाळा फार काळ टिकल्या नाहीत. तळेगावचे समर्थ विद्यालय तर १९१० साली सरकारने बंदच पाडले. भाऊराव या वाटेने गेले नाहीत. परके सरकार असले तरी त्याच्या तिजोरीतील पैसा परका नाही, तो रयतेच्या साऱ्याचा आहे, तेव्हा तो मागण्यात लाचारी नाही, अशी त्यांची भूमिका होती. व्यवहारी माणसाची ही भूमिका आहे आणि ती योग्यच म्हटली पाहिजे.

१९३५ हे वर्ष या दृष्टीने महत्त्वाचे. त्या वर्षी संस्थेची रीतसर नोंदणी झाली. नोंदणी म्हणजे घटना आली, तपासलेले हिशेब आले, सरकारदरबारी उभे राहण्यास पाय आले. त्याच वर्षी जून महिन्यात साताऱ्यास शिक्षक तयार करणारे ट्रेनिंग कॉलेज निघाले. बादशहा पंचम जॉर्ज यांच्या राज्यारोहणाच्या रौप्यमहोत्सवाचे ते वर्ष असल्यामुळे त्याचे नाव सिल्व्हर ज्युबिली रूरल ट्रेनिंग कॉलेज असे ठेवण्यात आले. राजाच्या उत्सवाच्या निमित्ताने रयतेसाठी कॉलेज पदरात पाडून घेण्याची ही हुशारी वाखाणण्यासारखी आहे. पुढे काळ बदलला, त्या विद्यालयास महात्मा फुले यांचे नाव मिळाले. नाव गेले, कॉलेज राहिले.

१९३७ साली मुंबई इलाख्यात बाळासाहेब खेर यांचे काँग्रेस मंत्रिमंडळ अधिकारावर आले. त्यात अर्थमंत्री होते अण्णासाहेब लठ्ठे. डांबर प्रकरणात ज्यांच्याविरुद्ध साक्ष देण्याचे भाऊरावांनी नाकारले, ते आता इलाख्याच्या तिजोरीचे रक्षक झाले होते. या मंत्रिमंडळाच्या काळात ज्या खेड्यांत शाळा नाही तेथे खाजगी संस्थांनी शाळा काढाव्यात आणि सरकारने त्यांस अल्प अनुदान द्यावे, अशी योजना आली. त्या शाळांना व्हॉलंटरी शाळा म्हणत. शिक्षकांची पलटण संस्थेच्या ट्रेनिंग कॉलेजात तयारच होती. १९३८ पासून भाऊरावांनी सातारा जिल्ह्याच्या डोंगराळ भागात, जेथे गाडीवाटही नव्हती अशा वाड्यावस्त्यांवर शाळा काढण्याचा सपाटा लावला. शाळेला इमारत नसे. कोठे देऊळ, कोठे चावडी, कोठे एखाद्या शेतकऱ्याची पडवी. शिक्षकाला मिळणारी रक्कम नाममात्र, पण गाव त्याच्या जेवणाखाणाची काळजी घेई. अशा शाळांची संख्या वाढत वाढत ५७८ पर्यंत गेली. सरकारने थोडे द्यावे, गावाने थोडे द्यावे आणि संस्थेने माणूस द्यावा, ही तिहेरी भागी कागदावर सोपी दिसते. ती निभावणे सोपे नव्हते. स्वातंत्र्यानंतर प्राथमिक शिक्षणाची जबाबदारी स्कूल बोर्डांकडे गेली, तेव्हा संस्थेने या शाळा त्यांच्या स्वाधीन केल्या. उभी केलेली वस्तू हातची सोडताना कोणाही संस्थाचालकाचा जीव तुटतो. भाऊरावांना मूल शिकण्याशी मतलब होता. शाळा कोणाच्या नावावर आहे, हा प्रश्न त्यांच्या लेखी गौण होता.

१९४० साली साताऱ्यास महाराजा सयाजीराव हायस्कूल सुरू झाले. फी नाही, राहण्याची सोय आहे आणि मुले श्रम करून आपला खर्च भागवितात, असे हे हायस्कूल होते. थोडी का होईना फी घेतलीच पाहिजे, या १८५४ च्या विचाराला दिलेले हे कृतीचे उत्तर होते. बापाच्या खिशातून फी येत नसेल तर मुलाच्या मनगटातून येईल, हा त्यामागील हिशेब. कमवा आणि शिका ही योजना म्हणून आज सर्वत्र ज्ञात आहे. १९४७ च्या जून महिन्यात, स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले. या कॉलेजसंबंधी एक गोष्ट प्रसिद्ध आहे. आपले नाव कॉलेजला दिल्यास मोठी देणगी देण्याची तयारी एका धनिकाने दर्शविली. भाऊरावांनी प्रसंगी स्वतःच्या वडिलांचे नाव बदलण्याची तयारी सांगितली, पण शिवछत्रपतींचे नाव बदलण्यास नकार दिला. पैसा नको होता असे नाही. कॉलेज नवे, खर्च डोईजड, अशा वेळी आलेली लक्ष्मी परत पाठविणे यास छाती लागते. देणाऱ्याने पैशासोबत अट आणली तर त्या पैशाची किंमत त्याच्या रकमेहून जास्त असू शकते, हे हा जुना विक्रेता ओळखून होता. खरी परीक्षा याच वेळी जवळ येत होती, आणि ती खाजगी धनिकाकडून आली नाही.

दि. ३० जानेवारी १९४८ रोजी गांधीजींची हत्या झाली. त्यांचे स्मारक म्हणून ग्रामीण भागात १०१ हायस्कुले काढण्याचा संकल्प भाऊरावांनी सोडला. हे धाडस आर्थिक दृष्टीने किती मोठे होते, ते समजून घेतले पाहिजे. त्या काळी माध्यमिक शाळांचे अनुदान मान्य खर्चाच्या काही हिश्शाइतके असे आणि तेही खर्च झाल्यानंतर, हिशेब तपासल्यानंतर मिळे. खर्च आधी, अनुदान मागून. याचा अर्थ एक शाळा उघडली की निदान वर्षभराचा भार स्वतःच्या खांद्यावर घ्यावा लागे. शिक्षकांचा पगार, भाडे, टेबल-खुर्च्या, तपासणी होईपर्यंत सर्व काही उसनवारीवर. शंभर शाळा म्हणजे शंभर उसनवाऱ्या.

नेमक्या याच सुमारास मुंबई सरकारने रयत शिक्षण संस्थेचे अनुदान बंद केले. भाऊराव हे कोणाचे मिंधे नव्हते. स्वराज्य आले तरी रयतेचे दैन्य हटत नाही, हे दिसताच सत्ताधाऱ्यांच्या कारभारावर ते जाहीर सभांतून टीका करीत. साताऱ्याच्या बेचाळीसच्या लढ्यातील भूमिगतांना त्यांनी परक्या सरकारच्या काळात आधार दिला होता. आता आपले सरकार आले म्हणून गप्प बसणे त्यांना जमणारे नव्हते. संस्था राजकारणात भाग घेते, असा ठपका ठेवून अनुदान थांबविण्यात आले. खेर हे सज्जन आणि सचोटीचे गृहस्थ म्हणून ख्यात होते. सरकारी पैसा घेणाऱ्या संस्थेने पक्षीय राजकारणापासून दूर राहावे, या अपेक्षेत तत्त्वतः गैर काही नाही, असेही कोणी म्हणेल. परंतु बोलला तो संस्थेचा संस्थापक, आणि शिक्षा झाली ती वसतिगृहात जेवणाऱ्या पोरांना. न्यायाच्या कोणत्याही तराजूत हे बसत नाही. इंग्रजांच्या राज्यात ज्याला मदत मिळाली, त्याची मदत स्वराज्यात थांबावी, हा दैवदुर्विलासच म्हणावा लागेल.

मार्ग दोन होते. दिलगिरी व्यक्त करावी, सभांतून बोलणे सोडावे आणि अनुदान सुरू करून घ्यावे, हा एक. त्यात हजारो मुलांचे हित होते आणि ज्याने हा मार्ग पत्करला असता त्याला कोणी नावे ठेवली नसती. दुसरा मार्ग लोकांकडे जाण्याचा. भाऊरावांनी दुसरा मार्ग धरला. दुधगावच्या मुष्टिफंडापासून ज्या रयतेने मुठीमुठीने दिले होते, तिच्यापुढे त्यांनी पुन्हा झोळी पसरली. वय साठीच्या पुढे गेलेले, प्रकृती खालावलेली, तरी गावोगाव फिरणे थांबले नाही. संस्था बंद पडली नाही. संकल्पित हायस्कुलांचे कामही मागे पडू दिले नाही. येथे एक गोष्ट ध्यानी घेण्यासारखी आहे. संस्थेचा डोलारा केवळ अनुदानाच्या एकाच खांबावर उभा असता, तर हा स्वाभिमान भाऊरावांना परवडला नसता. मुलांचे श्रम, सेवकांचा त्याग, गावांनी दिलेल्या जागा, सुगीत येणारे धान्य, असे अनेक खांब त्यांनी आधीच रोवून ठेवले होते. म्हणून एक खांब सरकारने काढून घेतला तरी छप्पर खाली आले नाही. दुकानात एकाच गिऱ्हाइकावर विसंबून माल भरणाऱ्याची जी गत होते, ती त्यांनी संस्थेची होऊ दिली नाही.

भाऊरावांनी माफी मागितली नाही. पण तोडग्यास ते विन्मुखही नव्हते. संत गाडगे महाराज आणि भाऊराव यांचा स्नेह जुना. एक अक्षरशत्रू म्हणविणारा संत आणि एक मॅट्रिकही न झालेला शिक्षणमहर्षी, यांची ही जोडी विलक्षण होती. गाडगे महाराजांचा शब्द खेर मानीत. महाराजांनी या बाबतीत मध्यस्थी केली आणि अनुदान पुन्हा सुरू झाले. सरकारने मागे घेतलेला हात पुन्हा पुढे केला, यात खेरांचाही मोठेपणा आहे, तो नाकारू नये. अनुदान पुन्हा मिळू लागल्यावर ते नको, असे भाऊराव म्हणाले नाहीत. रागाच्या भरात कायमची फारकत घेणे त्यांना सहज शक्य होते आणि लोकांनी त्यांना डोक्यावरही घेतले असते. त्यांनी तसे केले नाही. पैसा रयतेचा होता, तो रयतेच्या शाळेत परत आला, एवढेच. १९५४ साली कराड येथे संस्थेने कॉलेज काढले, त्यास सद्‌गुरू गाडगे महाराजांचे नाव दिले.

दरम्यान १९५० साली भारताची राज्यघटना अमलात आली आणि हा सारा व्यवहार व्यक्तींच्या मर्जीवरून थोडा तरी कायद्याच्या आधारावर आला. धर्म वा भाषा यांच्या दृष्टीने अल्पसंख्य असलेल्यांना आपल्या शिक्षणसंस्था स्थापन करण्याचा व चालविण्याचा हक्क घटनेच्या ३० व्या अनुच्छेदाने मिळाला, आणि अनुदान देताना अशा संस्थेबाबत भेदभाव करता येणार नाही, हेही त्यात नमूद झाले. २९ व्या अनुच्छेदाने सरकारी मदत घेणाऱ्या संस्थेवर बंधनही घातले, की केवळ धर्म, वंश, जात वा भाषा या कारणावरून कोणाही नागरिकास प्रवेश नाकारता येणार नाही. २८ व्या अनुच्छेदानुसार अशा शाळेत धार्मिक शिक्षणाची सक्ती करता येत नाही. जैन समाजास केंद्र सरकारने जानेवारी २०१४ मध्ये राष्ट्रीय स्तरावर अल्पसंख्याक म्हणून मान्यता दिल्यापासून समाजातील विश्वस्तांना या कलमांची ओळख अधिक झाली आहे. भाऊरावांनी मात्र घटना येण्याच्या पंचवीस वर्षे आधी, कोणत्याही कलमाचा धाक नसताना, आपल्या वसतिगृहाचे दार सर्वांना उघडे ठेवले होते. १९०८ साली एका दारातून बाहेर पडलेल्या मुलाला दार उघडे ठेवण्याचे मोल कोणी शिकवावे लागले नाही.

महाराष्ट्रात १९८३ पासून विनाअनुदानित महाविद्यालयांचे पर्व सुरू झाले आणि २०१२ साली स्वयंअर्थसाहाय्यित शाळांसाठी स्वतंत्र कायदा झाला. अनुदान नको आणि सरकारची लुडबूडही नको, असे म्हणणाऱ्या संस्थांना मोकळी वाट मिळाली. त्यांतील काहींनी उत्तम काम केले आहे. पण अनुदानाची जागा तेथे मुख्यत्वे पालकांच्या फीने घेतली. भाऊरावांनीही अनुदानाविना संस्था चालवून दाखविली होती, ती मात्र फी न वाढविता. या दोहोंतील अंतर लक्षात घेतल्याशिवाय त्यांच्या स्वावलंबनाचा दाखला कोणी देऊ नये, असे वाटते.

शेवटच्या दशकात संस्थेचा विस्तार वेगाने झाला. १९५५ साली साताऱ्यास शिक्षक-प्रशिक्षणाचे आझाद कॉलेज निघाले. भाऊरावांचे देह मात्र थकत चालले होते. १९५९ च्या प्रजासत्ताकदिनी भारत सरकारने त्यांना पद्मभूषण किताबाने गौरविले. ज्या मुलाला हायस्कूलची शेवटची परीक्षा गाठता आली नाही, त्याला त्याच वर्षी एप्रिलमध्ये पुणे विद्यापीठाने सन्माननीय डी. लिट. पदवी दिली. दि. ९ मे १९५९ रोजी पुण्याच्या ससून रुग्णालयात त्यांनी देह ठेवला. त्यांचे पार्थिव साताऱ्यास आणण्यात आले आणि तेथेच त्यांची समाधी आहे. त्या वेळी संस्थेची शंभराहून अधिक हायस्कुले चालू होती. त्यांच्या शिक्षकांच्या पगारात सरकारी अनुदानाचा हिस्सा होता, त्यांतील कित्येकांच्या भिंती गावकऱ्यांनी श्रमदानाने बांधल्या होत्या, आणि भाऊरावांच्या स्वतःच्या नावावर शिल्लक म्हणावी अशी मालमत्ता काही नव्हती.